रिळावरचा पिवळा, पाण्यातला शेवाळी

१८५४ सालच्या मे महिन्यात विल्यम ग्रीनवेल हे डरहॅमचे धर्मगुरू ट्वीड नदीवर ट्राउट मासे पकडायला गेले. ही नदी स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरून वाहते. त्या दिवशी पाण्यातून बारीक माश्या निघत होत्या. मासे त्या एकामागून एक टिपत होते, पण ग्रीनवेल यांच्या गळाकडे ढुंकूनही बघत नव्हते. मग त्यांनी त्यातल्या काही माश्या पकडल्या आणि जवळच्या स्प्राउस्टन गावात जेम्स राइट या कारागिरापुढे नेऊन ठेवल्या. अगदी अशीच बांधून द्या, एवढीच मागणी होती. राइटनी ती बांधली आणि ग्रीनवेल यांची टोपली भरली. पुढे त्या बनावट माशीला ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ हे नाव पडले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी ट्राउटच्या नद्यांवर ती आजही वापरात आहे.

कृती अगदी साधी. पंख ब्लॅकबर्ड पक्ष्याच्या पंखाआतल्या पिसाचे. मानेभोवती कोंबड्याचे पीस, मधोमध काळे आणि कडेने तांबूस. अंग पिवळ्या रेशमाचे.

आता ज्या माशीची ही नक्कल, तिचे अंग पिवळे नसते. ते शेवाळाच्या रंगाचे, थोडे मातकट हिरवे असते. राइट काही नवशिके नव्हते आणि नमुना तर समोरच होता. तरीही त्यांनी पिवळे रेशीम उचलले आणि ते अचूक ठरले. हे कसे झाले, त्याचा शोध घेऊ लागलो की रेशमाच्या रंगाबद्दल बरेच काही हाती लागते. साड्या, भरतकाम, गालिचे अशा ठिकाणी रेशीम कोरडे असते आणि आपण ते वरून पाहतो. इथे ते ओले असते, मेणात माखलेले असते, लोखंडावर गुंडाळलेले असते आणि बघणारा पाण्याखाली असतो. रेशमाची इतकी कडक परीक्षा दुसरे कोणी घेत असेल असे मला वाटत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्राउटचे बरेचसे खाणे म्हणजे पाण्यात वाढणारे आणि पंख फुटल्यावर पृष्ठभागावर येणारे कीटक. असा कीटक गळाला टोचता येत नाही, तो फारच नाजूक असतो. म्हणून गळाच्या दांडीवर धागा, पीस, लोकर असे काहीबाही बांधून त्याची नक्कल करतात. तिला फ्लाय म्हणतात. फ्लाय बोटाच्या नखाहून लहान असते आणि वजन नसल्यातच जमा. तिला दूर फेकण्याचे काम दोरीच्या वजनावर होते. एके काळी ही दोरीसुद्धा रेशमाची, जवसाच्या तेलात मुरवलेली असे. दोरी आणि गळ यांच्यामधला जवळपास अदृश्य तंतूही रेशमाच्याच किड्याचा. स्पेनमधल्या मुर्सिया भागात कोष विणायच्या बेतात असलेले किडे सिरक्यात बुडवत, त्यांच्या पोटातल्या रेशीमग्रंथी बाहेर काढत आणि ताणून त्यांचा पारदर्शक, चिवट तंतू करत. नायलॉन येईपर्यंत जगभरचे मासेमार हाच तंतू वापरत. त्याला गट म्हणत.

राइट यांच्या पिवळ्या रेशमाचे उत्तर या गटपाशीच आहे. त्या काळी बहुतेक गळांना डोळा नसे, म्हणजे तंतू ओवायला भोकच नसे. गटचे टोक गळाच्या दांडीला समांतर ठेवायचे आणि त्यावरून रेशमाचे वेढे घट्ट आवळत न्यायचे, हीच गाठ. मासा लागला की सगळा ताण या वेढ्यांवर येई. नुसते रेशीम गुळगुळीत असल्याने सटकते, म्हणून ते आधी मेणातून ओढून घेत. मेणही साधे मधमाश्यांचे नव्हे, तर मोची लोक शिवणीच्या दोऱ्याला लावतात ते, डांबर आणि राळ घालून केलेले, काळपट आणि चिकट. मेण लागले ते पकडीसाठी, पण त्याने रंग बदलला. लिंबासारखे पिवळे रेशीम त्या मेणातून दोन-तीनदा ओढले की मोहरीसारखे होते आणि आणखी ओढले की शेवाळी छटेकडे झुकते. गाठीचा धागा तोच आणि अंगाचा धागाही तोच. राइट यांच्या हातातले रीळ पिवळे होते, पण त्यांच्या नजरेसमोर मेण लागल्यानंतरचा रंग होता.

आज मेणाची जुनी गरज उरलेली नाही. गळाला डोळा असतो आणि बाजारात पारदर्शक मेण मिळते. म्हणून नुसते कृतीतले शब्द वाचून, स्वच्छ मेण लावून, चमकदार पिवळ्या रेशमाची ग्रीनवेल्स ग्लोरी बांधणारे पुष्कळ आहेत. तिलाही मासे लागत असतील, पण ती राइट यांची फ्लाय नाही. जुन्या कृतीशी प्रामाणिक राहायचे असेल तर रिळाच्या रंगाबरोबर मेणाचाही रंग निवडावा लागतो. काही कृतींत तर रिळापेक्षा मेणच जास्त महत्त्वाचे असते.

मेणानंतर पाणी. कोरड्या रेशमाची चकाकी आपल्या डोळ्यांना इतकी सवयीची आहे की ओले झाल्यावर त्याचे काय होते याकडे लक्ष जात नाही. तुतीच्या रेशमाचा एकेक तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा जाड असतो आणि त्याचा छेद साधारण त्रिकोणी असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून रेशीम झळाळते. धाग्यात असे कितीतरी तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये हवा असते. हवेतून रेशमात आणि रेशमातून पुन्हा हवेत जाताना प्रकाश दर वेळी विखुरतो. त्या विखुरण्यामुळे कोरडा रंग फिकट आणि अपारदर्शक दिसतो. हवेची जागा पाण्याने घेतली की विखुरणे एकदम कमी होते, कारण प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत पाणी हवेपेक्षा रेशमाला अधिक जवळचे आहे. प्रकाश आत खोलवर जातो, रंग गडद होतो आणि धागा अर्धपारदर्शक बनतो. मग आतला गळ दिसू लागतो. काळ्या किंवा तांबूस तपकिरी रोगणाचा गळ रेशमातून डोकावतो आणि रंगात मिसळतो.

हे घरी करून बघण्यासारखे आहे. खरे रेशीम हवे, पॉलिस्टरवर इतका फरक पडत नाही. नारिंगी रेशीम काळ्या गळावर एकाच थरात, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात सोडा. आधी तंतूंमधली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने अंगाला चिकटून राहते आणि सगळे चंदेरी दिसते. गळ हलवला की बुडबुडे सुटतात आणि नारिंगी रंग बघता बघता उतरत जातो. आधी तो विटकरी होतो, मग महोगनीच्या लाकडासारखा लालसर तपकिरी. मेण लावलेले असेल तर आणखी गडद. दुसऱ्या गळावर दोन थर गुंडाळून शेजारी सोडला तर त्यात नारिंगीचा अंश जास्त टिकतो. रीळ तेच, गळही तोच, तरी दोन रंग.

रंग उजेडात धरून पारखायचा असतो हे फार जुने ज्ञान आहे. चार्ल्स कॉटन यांनी १६७६ मध्ये आयझॅक वॉल्टन यांच्या ‘कम्प्लीट अँगलर’ या ग्रंथाला जोडलेल्या दुसऱ्या भागात एक छोटा प्रसंग रंगवला आहे. फ्लायच्या अंगासाठी घेतलेले केस शिष्याला काळे वाटतात. गुरू त्याला दाराशी जाऊन ते सूर्य आणि डोळा यांच्यामध्ये धरायला सांगतो. तसे धरले की ते तांबडे चमकतात, आणि खरा रंग ओळखण्याचा याखेरीज मार्ग नाही, असे गुरूचे म्हणणे. आपल्याकडे साडीच्या दुकानात जाणती बाई निवडलेली पैठणी घेऊन दाराशी उजेडात येते, तसेच हे. फरक एवढाच की साडीवर प्रकाश पडतो ते पाहायचे असते आणि फ्लायमधून प्रकाश येतो ते.

ट्राउटच्या बाजूनेही विचार करायला हवा. त्याला रंग दिसतात. त्याच्या डोळ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाला दाद देणाऱ्या पेशी असतात, आणि लहान वयात अतिनील प्रकाश टिपणाऱ्याही. पृष्ठभागावर तरंगणारी वस्तू त्याला वरच्या उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे पाठीमागून उजेड असताना दिसते. पाण्यात बुडालेली फ्लाय मात्र बाजूनेही दिसते आणि तिच्यावर प्रकाश तळाच्या दगडांवरूनही येतो. त्यामुळे तरंगत्या फ्लायसाठी निवडलेला रंग बुडत्या फ्लायला तसाच्या तसा चालेल असे नाही. या गोष्टीवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मोठे वाद झाले. त्यातले एक नाव इथे घ्यायलाच हवे, जे. डब्ल्यू. डन. हे विमाने बनवणारे अभियंते. काळाच्या स्वरूपावरचे त्यांचे १९२७चे पुस्तक बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. त्याआधी १९२४ मध्ये त्यांनी ‘सनशाइन अँड द ड्राय फ्लाय’ लिहिले. उन्हात खऱ्या माशीचे अंग आतून उजळल्यासारखे दिसते आणि आपली फ्लाय मात्र काळ्या काडीसारखी दिसते, हे त्यांना खटकत होते. त्यांनी गळाची दांडी पांढऱ्या रंगाने रंगवली, तिच्यावर कृत्रिम रेशमाचे धागे वेगवेगळ्या छटा एकत्र करून गुंडाळले आणि तेल लावले. तेलाने धागे पारदर्शक होत आणि आतला पांढरा रंग त्यांतून उजळे. डन यांचा हिशेब सरळ होता. धागा पारदर्शक होणारच असेल, तर त्याच्या आत काय आहे हेही आपणच ठरवावे. त्यांच्या फ्लाय आज फारसे कोणी बांधत नाही, पण त्यांचा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत खरा प्रश्न वाटतो.

यॉर्कशरच्या मासेमारांनी हा प्रश्न कागदावर न मांडताच सोडवला होता. उत्तर इंग्लंडमधल्या वॉर्फ, निड, यूर या खडकाळ, खळाळत्या नद्या. पाणी जोरात वाहते, माशाला विचार करायला वेळ नसतो आणि फ्लायला नटवण्यात अर्थ नसतो. त्यामुळे इथली फ्लाय म्हणजे रेशमाचे आखूड अंग आणि एका मऊ पिसाचे एक-दोन वेढे. पीस पाण्यात हलते, अंग रंग दाखवते, संपले. टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये लीड्सहून अशा ६२ फ्लायचे पुस्तक काढले. पुढच्या वर्षी ते नव्या नावाने पुन्हा निघाले. त्यात नारिंगी रेशीम आणि तित्तिराच्या जातीतल्या पार्ट्रिज पक्ष्याचे तपकिरी पीस अशी एक फ्लाय आहे, जांभळे रेशीम आणि स्नाइप पक्ष्याच्या पंखाचे गडद पीस अशी दुसरी. तिसरीत पिवळ्या रेशमावर पाणउंदराची लव इतकी विरळ चढवलेली असते की खालचा पिवळा झिरपत राहावा.

जांभळ्या रेशमाची फ्लाय पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. जांभळ्या अंगाची माशी नदीवर कुठे असते? पण थंड, वाऱ्याच्या दिवशी ज्या निळसर काळ्या, शाईसारख्या माश्या निघतात त्यांचे अंग ओल्या जांभळ्या रेशमाच्या फार जवळ जाते. नुसते काळे रेशीम तिथे मृत दिसते. ओले जांभळे रेशीम जवळपास काळे होते, पण उजेड मागून आला की त्यात जीव येतो. याच माशीसाठी ‘डार्क वॉचेट’ नावाची आणखी एक फ्लाय आहे आणि ती बांधताना पाहणे हा आनंदाचा भाग आहे. नारिंगी आणि जांभळा असे दोन धागे एकत्र घेतात आणि त्यांच्यावर राखी लव अगदी पुसटशी लावून दोन्हींना मिळून पीळ देतात. गळावर गुंडाळताना कधी नारिंगी वर येतो, कधी जांभळा. कोरडी असताना ही फ्लाय विचित्र, पट्ट्यापट्ट्यांची दिसते. ओली झाली की पट्टे विरघळतात आणि गडद अंगात मधूनच तांबूस ठिणग्या उरतात. असा रंग कुठल्याही एका रिळात मिळत नाही.

प्रिट यांच्या पुस्तकाच्याही आधी, १८५७ मध्ये, एडिंबरोचे डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट यांनी ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ लिहिले. त्यांच्या तीन ‘स्पायडर’ फ्लायपैकी काळ्या स्पायडरचे रेशीम तपकिरी आहे. काळेपणा स्टार्लिंग पक्ष्याच्या पिसातून येतो. काळ्या नावाच्या फ्लायला काळा धागा लावायचा मोह होतो, आणि तिथेच कृती बिघडते.

आता खरी अडचण. प्रिट लिहितात ‘नारिंगी’. कुठले नारिंगी? शेंदरी की केशरी? पिकल्या संत्र्याचे की झेंडूचे? छापील शब्दाला छटा नसते. ही अडचण ब्रॅडफर्डचे हारफील्ड एडमंड्स आणि नॉर्मन ली यांनी ओळखली. त्यांच्या १९१६च्या ‘ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग’ या पुस्तकाच्या थोड्याच प्रतींच्या खास आवृत्तीत त्यांनी खरे रेशीम आणि खरी पिसे लावून दिली. शिवाय कृतींत नुसता रंग न लिहिता पिअर्सल कंपनीच्या ‘गॉसमर’ रेशमाचे क्रमांक लिहिले. ६अ म्हणजे नारिंगी, ८ म्हणजे जांभळा. क्रमांक असला की वाद मिटतो, निदान त्या कंपनीचा रंग बदलत नाही तोवर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचे जेम्स लायझनरिंगही हेच रेशीम वापरत. त्यांचे पुस्तक १९४१चे. ते मेण लावलेल्या रेशमाच्या दोन पदरांमध्ये लव ठेवून मांडीवर पीळ देत आणि अशी तयार अंगे खाचा पाडलेल्या पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवत. रेशमाचा रंग लवेच्या आतून यावा याकडे त्यांचे बारीक लक्ष असे.

पिअर्सल ही १७९५ पासूनची कंपनी. फ्लायचे रेशीम हा तिच्या धंद्याचा एक छोटासा कोपरा, मुख्य काम भरतकामाच्या रेशमाचे. ते रंगवण्याच्या इतिहासात भारत येतो. स्टॅफर्डशरमधल्या लीक गावचे रंगारी टॉमस वॉर्डल यांनी पिअर्सलच्या भरतकामाच्या रेशमासाठी न उडणारे रंग तयार केले. १८७५ पासून नक्षीकार विल्यम मॉरिस याच वॉर्डल यांच्या रंगशाळेत नीळ आणि मंजिष्ठ यांचे काम शिकायला येत. वॉर्डल यांचा दुसरा ध्यास म्हणजे भारतातले जंगली रेशीम. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात ऐन आणि अर्जुन या झाडांवर ज्याचे कोष होतात ते टसर इंग्लंडमध्ये नीट रंगतच नसे. वॉर्डल यांनी ते रंगवून दाखवले, १८८१ मध्ये भारतातल्या जंगली रेशमांवर पुस्तक लिहिले आणि १८८५-८६ मध्ये ते स्वतः बंगालमध्ये येऊन गेले. फ्लाय बांधायला मात्र टसर उपयोगाचे नाही. त्याचा तंतू जाड आणि चपटा असतो आणि त्याचा स्वतःचा बदामी रंग वरच्या रंगात डोकावत राहतो. तुतीचे रेशीम उकळून त्याचा डिंक काढला की वजनात पाव हिस्सा घटते, पण मागे पांढरा, बारीक, कुठलाही रंग स्वच्छ धरणारा तंतू उरतो. आपल्याकडच्या सोनपिवळ्या कोषांचा पिवळेपणाही त्या डिंकातच असतो आणि उकळताना निघून जातो.

जांभळ्या रंगाची गोष्ट वेगळीच आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा कृत्रिम रंग सापडला आणि तो आधी रेशमावरच चढला. त्यापूर्वीचा जांभळा दगडफुलाच्या जातींतून, पतंगासारख्या लाकडातून किंवा लाख-किरमिजी किड्यांच्या लालावर निळीचा हात देऊन काढत, आणि त्यातले काही उन्हात भराभर उडत. म्हणजे १८८५च्या प्रिट यांचे जांभळे आणि त्यांच्या आजोबांच्या पिढीचे जांभळे एक असण्याची शक्यता कमीच. ‘अस्सल’ म्हणजे कुठल्या सालचे, हे आधी ठरवावे लागते. मी स्वतः एडमंड्स आणि ली यांच्या क्रमांकांपाशी थांबतो, कारण तिथे पहिल्यांदा धागा आणि शब्द एकत्र जपून ठेवले गेले. त्यामागे जाणे रंजक आहे, पण तिथे नेम धरायला जागा नाही.

सामन माशाच्या मोठ्या फ्लायचे जग पूर्ण वेगळे. ‘जॉक स्कॉट’ ही त्यातली राणी. तिचे अर्धे अंग पिवळ्या आणि अर्धे काळ्या, पीळ नसलेल्या रेशमाचे असते आणि गालावर राखी रानकोंबड्याच्या मानेचे, मेणाच्या थेंबासारखे पिवळट ठिपके असलेले पीस. हा कोंबडा आपल्या सह्याद्रीतला. त्याच्या पिसांची निर्यात फार मोठ्या प्रमाणात होई. १९०२ मध्ये भारतातून जंगली पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी आली आणि आता तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५च्या ‘द सामन फ्लाय’मध्ये जॉक स्कॉटची कृती सविस्तर आहे. अशा बिनपिळाच्या रेशमाखाली आधी पांढऱ्या रेशमाचा थर देतात, म्हणजे पिवळा पाण्यातही पिवळा राहतो. बांधणारे बोटांची खरखर प्युमिस दगडाने घासून काढतात, कारण बिनपिळाचे रेशीम खरबरीत बोटाला अडकले की लव निघते आणि झळाळी कायमची जाते. इथे रंग कोरडा असतो तसाच ओला टिकवणे हा हेतू. यॉर्कशरच्या फ्लायला हाच पांढरा थर दिला तर ती बिघडते.

तर आज निवड करायची कशी? पिअर्सलने गेल्या दशकात गॉसमर रेशीम बनवणे बंद केले, आणि उरलेली रिळे लोक जपून वापरतात. जुने रीळ हाती आले तर वरच्या वेढ्यांवर विश्वास ठेवू नये. रेशमावर उन्हाचा परिणाम होतो. रंग उडतो आणि तंतू ठिसूळही होतो. काही मीटर उलगडून आतला धागा बघितला तर अनेकदा त्याच रिळात दोन छटा दिसतात आणि खरी आतली असते. धागा दोन्ही हातांत धरून हलकेच ताणावा. लगेच तुटला तर रीळ नमुन्यासाठी ठेवावे, बांधायला घेऊ नये.

नवे रेशीम शिवणाचे किंवा भरतकामाचे चालते, पुरेसे बारीक असेल तर. जाड धागा गळावर फुगतो आणि पाणी लवकर पीत नाही. भरतकामाचे रेशीम पदरांत सुटते, त्यातला एकच पदर घ्यावा. येवल्याच्या बाजारातले रंगीत रेशीम विणकामासाठी असल्याने त्याचा पीळ फ्लायच्या धाग्यापेक्षा वेगळा असतो. रंगाची तुलना करायला ते उत्तम, बांधायला तितकेसे नाही.

जुळवणी दिव्याखाली करू नये. दोन धागे दिव्यात एकसारखे दिसले तरी वेगवेगळ्या रंगांनी रंगवले असतील तर उन्हात वेगळे निघतात. दिवसा, सावलीतल्या खिडकीपाशी बसावे. आणि कोरडे धागे शेजारी ठेवून ठरवूच नये. दोन्ही एकाच रंगाच्या गळावर, तेवढेच थर देऊन, तेच मेण लावून गुंडाळावेत, पाण्यात बुडवावेत आणि उजेडाकडे धरून पाहावेत. अनेकदा असे होते की रिळावर पिअर्सलच्या ६अ शी हुबेहूब जुळणारा नारिंगी धागा ओला झाला की गुलाबीकडे झुकतो, आणि रिळावर थोडा फिकट वाटणारा दुसराच धागा पाण्यात बरोबर त्या लालसर तपकिरीवर येतो. अशा वेळी दुसरा धागा घ्यावा, रीळ कितीही वेगळे दिसत असले तरी.

जमवलेल्या प्रत्येक धाग्याचे एक कार्ड करून ठेवावे. त्यावर कोरडा धागा, मेण लावलेला धागा आणि ओला झाल्यावर दिसलेल्या रंगाची नोंद असावी. कार्डे बंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावीत. मेण कुठले, गळ कुठल्या रोगणाचा आणि थर किती, हे शेजारी लिहिलेले असले पाहिजे. त्याशिवाय पुढच्या वर्षी तोच रंग पुन्हा काढता येत नाही. काळ्या गळावरचा एक थर आणि पिवळट गळावरचे दोन थर यांत एकच नारिंगी दोन वेगळ्या फ्लाय बनवते.